आडवी रेघ, उभी रेघ

आमच्या मेसच्या हॉलला येत्या मे महिन्यात रंग लागणार आहे. ज्यांना हे अजून माहीत नसेल त्यांनी नोटीस बोर्ड वाचायची सवय लावून घ्यावी. किंवा जेवताना एकदा मान वर करून भिंतीकडे बघावं. बेसिनच्या बाजूचे पोपडे आता असे सुटलेत की त्या टेबलावर बसणाऱ्याच्या वरणात काय काय पडतं हे न बोललेलंच बरं.

तर रंग लागणार, आणि दोन रंगांत लागणार, एवढं नक्की झालंय. कोटेशनमध्ये 'टू टोन' असा शब्द आहे. मला आधी वाटलं, यात चर्चा करण्यासारखं काय आहे? पण थर्ड इयरची प्रतिनिधी म्हणून मी मेस कमिटीच्या गेल्या दोन मीटिंगांना बसले आणि तिथे जे ऐकलं त्यानंतर गप्प बसवेना. मराठी विभागाचे संपादक दोन महिने माझ्या मागे लागले होते, "काहीतरी दे, कविता असली तरी चालेल." कविता मला येत नाही. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या आठवड्याला चार तासिका, त्यातली एक पीटीवाले सर घेऊन जायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावेत. मुद्दा मात्र माझा आहे, त्याला कात्री लावू नये.

दोन रंगांची भिंत आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, फक्त तिच्याकडे कधी लक्ष गेलेलं नसतं. जिल्हा परिषदेची शाळा, एसटी स्टँड, सरकारी दवाखाना, आपली मटेरियल टेस्टिंगची लॅब. खाली कमरेएवढा गडद ऑइलपेंट, वर फिकट डिस्टेंपर आणि दोन्हींच्या मध्ये दोन बोटं रुंदीची रेघ. सिव्हिलच्या पुस्तकात या खालच्या पट्ट्याला डेडो म्हणतात. (मी सिव्हिलची. मेकॅनिकलवाल्यांनी हसू नये, तुमच्या वर्कशॉपलाही तोच पट्टा आहे.) कारण साधं आहे. भिंतीचा खालचा भाग हात, पाय, पाठी, बाकांचे कोपरे आणि फडक्याच्या पाण्याच्या तावडीत असतो. वरच्या भागाला फार तर धूळ आणि कोळ्याची जाळी. मग खाली पैसे घालायचे, वर वाचवायचे.

ही शक्कल आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं निघायच्या कितीतरी आधीची आहे. माझं आजोळ श्रीवर्धनजवळ. घराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या आणि खाली हातभर उंचीचा तांबडा पट्टा, कावेचा. लहानपणी मला तो शोभेचा वाटायचा. एकदा जुलैत गेले होते तेव्हा आजीने दाखवलं. पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटतं आणि लाल मातीचे शिंतोडे थेट भिंतीवर उडतात. पांढऱ्या भिंतीवर ते आठ दिवसांत दिसायला लागतील. तांबड्यावर तांबडं उडालं तर कोणाला कळणार? पाऊस संपला की नव्याने काव लावायची, झालं. पट्ट्याची उंचीसुद्धा कोणी मनाने ठरवलेली नाही. जिथपर्यंत शिंतोडे उडतात तिथपर्यंत पट्टा.

हे शेवटचं वाक्य मी मीटिंगमध्ये तीनदा बोलले. तिन्ही वेळा मिनिट्समध्ये आलं नाही, म्हणून इथे छापून घेतेय.

आपल्या मेसचा सध्याचा पट्टा तीन फुटांचा आहे. तीन का? बहुतेक टेबल अडीच फूट उंच आहे म्हणून, वर अर्धा फूट मोकळा. नव्या कोटेशनमध्ये चार फूट आहे. चार का? तर शेजारच्या हॉस्टेलला चार आहे म्हणून. एका रविवारी दुपारी, सगळे फीस्ट खाऊन झोपलेले असताना, मी आणि माझी रूम पार्टनर सर्व्हेची टेप घेऊन मेसमध्ये गेलो आणि भिंतीवरचे डाग मोजले. चेष्टा नाही, खरंच मोजले. रांगेत उभं राहताना आपण एक पाय मागे भिंतीला लावतो, त्या चपलांचे ठसे एक ते दीड फुटांवर. बेसिनवर हात धुऊन रुमाल नसलेली मंडळी भिंतीला हात पुसतात (होय, तुम्हीच), ते डाग साडेतीन ते साडेचार फुटांवर. आणि सगळ्यात चिवट डाग म्हणजे तेलाचे. भिंतीकडच्या बाकावर बसून जेवण झाल्यावर आपण डोकं मागे टेकून गप्पा मारतो. बाक दीड फूट उंच, त्यावर माणूस, त्याचं डोकं. तेलकट गोल डाग तीन फूट आठ इंचांपासून चार फूट चार इंचांपर्यंत ओळीने उमटलेत. वसतिगृहातल्या प्रत्येक पिढीचा सामूहिक फोटोच म्हणा ना.

म्हणजे चार फुटांवर रेघ मारली तर ती बरोबर डोक्यांच्या मधून जाणार. अर्धा डाग खाली, धुता येईल असा. अर्धा वर डिस्टेंपरवर, कधीच न निघणारा. साध्या डिस्टेंपरवर ओलं फडकं फिरवलं की डागाऐवजी डिस्टेंपरच फडक्याला येतं, हे आपल्या काळ्या टी-शर्टांना चांगलं माहीत आहे. आमचं म्हणणं, पाच फूट घ्या. दारं आणि काउंटरची उघडी जागा सोडली तर हॉलची भिंत साधारण १६० धावते फूट भरते. खिडक्यांचा हिशोब वेगळा काढलाय, तो कंटाळवाणा आहे. चार फुटांचे ६४० चौरस फूट होतात, पाचाचे ८००. वाढ १६० चौरस फुटांची. आणि तेवढा डिस्टेंपर वरून कमी होतो तो वेगळाच. एका फीस्टमध्ये जितका गुलाबजाम उरतो तितक्यात भागावं, असं आमचे कमिटीवरचे सर गमतीने म्हणाले. मला ते गंमत म्हणून नको, ठराव म्हणून हवंय.

आता रंगाचं. शेडकार्ड उघडून कॉन्ट्रॅक्टरनी गडद चॉकलेटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा घ्या मॅडम, मळखाऊ आहे. पाच वर्षं बघायला नको."

मळखाऊ! आजीनंतर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. प्रवासाला निघताना ती आईला सांगायची, पोरीला मळखाऊ फ्रॉक घाल. इंग्रजीत याला एक शब्द नाही, मी बराच वेळ शोधला. शब्द फार गोड आहे, पण खोटा आहे. रंग मळ खात नाही, झाकतो. फ्रॉक मळखाऊ असला तरी घरी आल्यावर धुतला जायचा. मेसची भिंत कोण धुतं? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताटांचा रॅक हलवला तेव्हा मी तिथे होते. सहज म्हणून सध्याच्या चॉकलेटी पट्ट्यावर ओलं फडकं फिरवलं. एक चौकोन दोन शेड फिका झाला. इतकी वर्षं आपण ज्याला भिंतीचा रंग समजत होतो त्यातला बराचसा रंग आपलाच होता. रॅकच्या मागे काय होतं ते सांगत नाही, संपादक म्हणाले अंक जेवताना वाचला जातो.

जिथे तीनशे जण दोन वेळा जेवतात तिथे मळ दिसायला हवा. म्हणून मी फिक्या रंगाच्या बाजूने आहे, खालच्या पट्ट्यालासुद्धा. पांढराशुभ्र नको, फिका पिस्ता किंवा ताकाचा असतो तसा. उजेडाचाही प्रश्न आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते, गडद चॉकलेटी जेमतेम दहाएक टक्के. आपल्या हॉलमध्ये सहापैकी दोन ट्यूबा कायम लुकलुकत असतात. तिथे अर्धी भिंत चॉकलेटी करणं म्हणजे रात्रीचं जेवण चाचपडत जेवणं. भाजी कोणती आहे हे आत्ताही चवीवरून कळत नाही, निदान दिसून तरी कळू दे.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मेसच्या मावशींना सांगायला गेले. मावशी गेली बारा वर्षं इथे आहेत. त्यांनी पीठ मळता मळता ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फिका लावाल. पुसायचं कुणी?"

खरं सांगते, या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. मळ दिसला पाहिजे असं म्हणणं सोपं आहे. दिसलेला मळ काढणारे हात कोणाचे, हे आम्ही टेप घेऊन फिरणाऱ्यांनी मोजलंच नव्हतं. चौघीजणी आहेत. सकाळी सहाला येतात, दुपारची भांडी आटपायला अडीच वाजतात, चारला चहा. त्यात पाच फुटी भिंतही पुसा म्हणायचं तर चॉकलेटी रंगच त्यांच्या बाजूचा ठरतो. कॉन्ट्रॅक्टर निदान त्यांचं काम वाढवत तरी नव्हता.

मग मी मुद्दा सोडला का? नाही, पण बदलला. महिन्यातून एकदा भिंती धुण्याचं काम वेगळं धरायचं आणि त्याचे पैसे वेगळे द्यायचे. तीनशे जणांच्या मेस बिलात दर महिन्याला पाच रुपये जास्त लागले तर पंधराशे रुपये होतात. दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी त्यात निघते, साबणही येतो. हे बिलात 'भिंत धुलाई' म्हणून लिहून यावं. 'इतर' या खात्यात नको, कारण 'इतर'मध्ये गेलेला पैसा परत कोणाला दिसलेला नाही. आणि रांगेत पाय खाली ठेवावा, त्याला पाच रुपयेही लागत नाहीत. मावशींना हे मान्य आहे. त्यांनी एक अट घातली आहे, रेघेच्या वर खिळे मारून कॅलेंडरं लावायची नाहीत. त्यामागे झुरळं बसतात.

बेसिनच्या भिंतीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे रंग कोणताही लावा, पहिल्या पावसात फुगणार. ऑइलपेंटचा पापुद्रा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देत नाही. ओल आत दबते, फुगे येतात, पोपडे सुटतात, मागून पांढरा लोणा फुलतो. त्यात प्लास्टर नवं आणि ओलं असेल तर अजून वाईट. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत सॅपोनिफिकेशन घोकलेलं आठवतंय? तेल अधिक अल्कली बरोबर साबण. सिमेंट अल्कलीच आहे आणि ऑइलपेंटमध्ये तेल आहे. ओल्या भिंतीवर ती रिअॅक्शन हळूहळू होत राहते आणि रंग चिकट होऊन सुटतो. व्हायवाला हे उदाहरण द्या, एक्स्टर्नल खूश होईल. तेव्हा आधी मागची पाइप दुरुस्त करावी, भिंत सुकू द्यावी आणि तेवढ्याच भागाला पाच फुटांपर्यंत टाइल्स लावाव्यात. मागच्या वेळी पाइप तशीच ठेवून वरून रंग मारला होता. एक वर्षही टिकला नाही.

अजून एक गोष्ट, आणि ही मी गंभीरपणे लिहितेय. जुना पट्टा घासल्याशिवाय नवा लागणार नाही. घरगुती आणि शोभेच्या रंगांमधल्या शिशाबद्दल भारत सरकारने २०१६ मध्ये नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं असलेले असे रंग बनवायला बंदी आली. आपल्या भिंतीवर त्याआधीचे थरावर थर आहेत. पिवळ्या आणि तांबड्या ऑइलपेंटांमध्ये शिसं असायचं हे तर जगजाहीर आहे. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की त्याची धूळ होते, आणि ती धूळ पेंटरच्या नाकात, मावशींच्या पिठात आणि आपल्या ताटात जाते. म्हणून घासताना ओलं करून घासायचं, पेंटर लोकांना चांगले मास्क द्यायचे (ओढणीचं टोक किंवा रुमाल चालणार नाही), आणि त्या काळात शेजारच्या स्वयंपाकघरात चूल पेटवायची नाही. कोटेशनमध्ये 'सरफेस प्रिपरेशन' असे दोनच शब्द आहेत. त्यांच्या जागी एवढं सगळं लिहून यायला हवं. समर इंटर्नशिपसाठी थांबणाऱ्या पन्नासेक मुलामुलींची सोय आठ दिवस दुसऱ्या हॉस्टेलच्या मेसमध्ये करता येईल. मागे गॅस संपला होता तेव्हा केलीच होती.

मध्येच एका मेंबरने मोबाइलवर वाचून दाखवलं की लाल-केशरी रंगाने भूक वाढते, निळ्याने कमी होते, गुलाबीने मन शांत होतं. गुलाबीची गोष्ट खरोखर घडलेली आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला नौदलाच्या एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत झाले असं जाहीर केलं. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या रंगाला बेकर-मिलर पिंक म्हणतात. पुढे इतरांनी नीट प्रयोग करून पाहिले तर तसा परिणाम हाती लागला नाही. आपल्याकडे भूक वाढवायला भिंतीपेक्षा पोळी गरम मिळाली तरी पुरे आहे. आणि शांतता म्हणाल तर शनिवारच्या उसळीनंतर ती आपोआप पसरते. असो.

इथपर्यंत सगळं आडव्या रेघेचं झालं. माझा लेख इथेच संपला असता आणि छापलाही गेला नसता कदाचित. पण दुसऱ्या मीटिंगमध्ये उभी रेघ आली.

सूचना अशी होती की दोन रंग करायचेच आहेत तर वर-खाली कशाला? हॉलच्या मधोमध भाग पाडा. खिडकीकडची बाजू हिरवी, काउंटरकडची चॉकलेटी. हिरवीकडे शाकाहारी बसतील, चॉकलेटीकडे बाकीचे. खाण्याच्या पाकिटांवर असतंच की, शाकाहारीला हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी खूण. "म्हणजे कोणाला सांगायला नको, बोर्ड नको, भांडण नको. भिंतच सांगेल." सूचना करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याला खरंच ती सोयीची वाटली. चार-पाच माना हललीही.

माझ्या आत मात्र काहीतरी लक्कन हललं. का, ते सांगते. हे मी आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

तिसरीत असताना मी डब्यात सुकटाची चटणी आणि भाकरी नेली होती. आजीने पाठवलेली सुकट, माझी सगळ्यात आवडती. झाकण उघडलं आणि दोन मुलींनी नाक धरलं. टीचर आल्या. ओरडल्या वगैरे अजिबात नाहीत, फार प्रेमळ होत्या. त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की असे वासाचे डबे असतील त्यांनी दाराजवळच्या बाकावर बसायचं, तिथे हवा खेळती असते. मी आणि अजून एक मुलगा असे दोघे दाराजवळ बसलो. पुढच्या आठवड्यात माझ्या डब्यात बटाट्याची भाजी होती. तरी मला सगळ्यांनी दाराकडेच ढकललं, कारण तो बाक आता 'आमचा' झाला होता. मी घरी सांगितलं, मला ब्रेड-जॅम दे. आईला वाटलं, कॉन्व्हेंटमध्ये गेली, साहेबी झाली. चौथीपासून दहावीपर्यंत, सात वर्षं मी डब्यात ब्रेड-जॅम खाल्ला. आजही जॅमची बाटली बघितली की पोटात ढवळतं.

त्या बाकावर कोणीही काही लिहिलं नव्हतं. तरी सगळ्यांना वाचता येत होतं.

पदार्थ वेगळे ठेवायला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कँटीनमध्ये मला गाठून हाच प्रश्न विचारला जाईल. आपल्याकडे पळ्या वेगळ्या आहेत, पातेली वेगळी आहेत, बुधवारी अंडाकरी आणि रविवारी चिकन वेगळ्या काउंटरवर मिळतं. ते तसंच असावं, उलट अजून कडक असावं. गेल्या महिन्यात एकच चमचा दोन्हीकडे फिरला तेव्हा तक्रारवहीत पहिली सही माझी होती. ज्याला जे खायचं नाही ते त्याच्या ताटात चुकूनही जाता कामा नये. पण काउंटरवर पदार्थ वेगळे होतात. भिंतीला रंग दिल्यावर माणसं वेगळी होतील. पाकिटावरचा ठिपका आत काय आहे ते सांगतो, आणि पाकिटाला शेजारी कोण बसणार याच्याशी काही देणंघेणं नसतं.

शिवाय हे चालवणार कसं? श्रावणात आपली अर्धी चॉकलेटी मंडळी महिनाभर हिरवी होतात. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी. माझा एक वर्गमित्र अंडं खातो पण शनिवारी नाही आणि परीक्षेच्या दिवशी अजिबात नाही. तो सेमिस्टरभर रेघ ओलांडत बसणार का? बुधवारी कोणी ऑम्लेट घेतलं म्हणून ज्यांच्याबरोबर रोज जेवतो त्यांना सोडून उठायचं? आणि आठवड्याच्या चौदा जेवणांपैकी बारा जेवणांना सगळ्यांच्याच ताटात तेच वरण, तीच कोबी. त्या बारा वेळांना कोणत्या भिंतीला पाठ लावून बसायचं ते कशावरून ठरणार? ताटावरून ठरणार नाही, कारण ताट एकच आहे. मग आडनावावरून ठरेल. पहिल्या वर्षाची मुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतील, दारात उभी राहून दोन रंग बघतील, आणि हॉलमधले सगळे त्यांच्याकडे बघतील की हा कुठे जातो. फर्स्ट इयरला तसंही बघणारे खूप असतात, त्यात ही भर कशाला?

ही भीती हवेतली नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवण्यावरून वाद झाला, निषेध करणाऱ्याला दहा हजारांचा दंडही झाला. सगळ्या पेपरांत आलं होतं. तिथे निदान टेबलं होती. टेबल उद्या उचलून दुसरीकडे ठेवता येतं. भिंतीचा रंग आपल्याकडे दहा-दहा वर्षं बदलत नाही. तोपर्यंत हिरवी बाजू कोणी पाडली आणि का, हे सांगायलाही कोणी उरणार नाही. सगळ्यांना ती पहिल्यापासूनच तशी होती असं वाटेल.

माझी रूम पार्टनर जैन आहे. कांदा-लसूणही खात नाही. मासळीच्या वासाने तिला खरंच मळमळतं, हे नाटक नाही, मी बघितलंय. म्हणून 'वास सहन करायला शिका' असं जे काही लोक म्हणतात ते मला पटत नाही. का शिकायचं तिने? रविवारी ती पंख्याच्या बाजूला बसते, मी तिच्यापासून दोन जागा सोडून, आणि जेवण झाल्यावर मी हात साबणाने धुऊन आले की आमच्या गप्पा सुरू होतात. हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही, दोन-तीन रविवारांत आपोआप जमलं. मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं, कारण सगळ्यांना वाटलं ती हिरव्या बाजूला मत देणार. ती म्हणाली, "मी कुठे बसायचं ते रोज मी ठरवते. पेंटरने कशाला ठरवायचं?" मग सूचना मागे घेतली गेली नाही, पण पुढच्या मीटिंगवर ढकलली गेली. म्हणजे अजून जिवंत आहे.

पुढची मीटिंग मार्चच्या पहिल्या शनिवारी, जेवण झाल्यावर, मेसमध्येच आहे. कोणीही येऊन बसू शकतं असं नियमात लिहिलेलं आहे, फक्त मत कमिटी देते. अंक वेळेवर निघाला तर तुम्हाला हे आधी वाचायला मिळेल. नाही निघाला तर संपादकांना धरा.

कॉन्ट्रॅक्टरनी वॉटर कूलरच्या मागे भिंतीवर नमुन्याचे दोन आडवे पट्टे मारून ठेवलेत. एक त्यांचा चॉकलेटी, चार फुटांचा. एक आमचा ताकाचा, पाच फुटांचा. रात्रीच्या जेवणाला जाल तेव्हा ट्यूबच्या उजेडात बघा, दिवसा दोन्ही बरे दिसतात. चॉकलेटी सुकलाय. ताकाच्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी पाय टेकवलाय, साधारण सव्वा फुटांवर, डाव्या पायाची चप्पल. मावशी म्हणाल्या, राहू दे, मीटिंगपर्यंत पुसणार नाही.